बगळ्याने मान आत घेतली

आमच्या टोळीच्या ड्रायव्हरला सगळे बगळ्या म्हणायचे. उंचीने तो माझ्या खांद्याला लागायचा, आणि मीही काही ताडमाड नाही. पण मान लांब होती. गाडी सुरू झाली की ती मान बाहेर, आणि गाडी थांबली की आत. इतकं साधं नाव होतं ते.

आमचं काम विजेच्या मनोऱ्यांचं. डोंगरावरून तारा नेणारे लोखंडी मनोरे असतात, त्यांचे बोल्ट आवळायचे, गंजलेल्या पट्ट्या बदलायच्या. मनोरा जिथे असतो तिथे रस्ता नसतो. रस्ता असता तर तिथे मनोऱ्याऐवजी दुकान असतं. त्यामुळे सामान आणि माणसं वर नेणारा ड्रायव्हर हा टोळीतला अर्धा जीव.

जुन्या गाडीला वर ताडपत्री होती आणि दाराच्या जागी एक साखळी. पुढची काच नुसती नावाला. तिच्यावर चिखल, चिखलावर धूळ आणि वायपरने काढलेली एक कमान. बगळ्या त्या काचेतून कधी बघायचाच नाही. पोत्याची घडी घालून त्यावर बसायचा, कमरेतून बाहेर वाकायचा आणि पुढच्या चाकाकडे बघत गाडी न्यायचा. म्हणायचा, "चाक दिसलं की मला सगळं दिसलं." त्यामुळे त्याचा बाहेरच्या बाजूचा गाल विटेसारखा भाजलेला होता आणि आतला गाल गोरा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "माझं लग्न दोघांशी झालंय. एक कारकून आहे, एक भट्टीवाला."

वाट फारच वाईट आली की मी उतरायचो. मी पुढचा माणूस. गाडीकडे तोंड करून उलटं चालायचं आणि हाताने दाखवायचं: इकडे घे, थांब, आता सोड. उलटं चालणं सोपं नाही. टाचेला डोळे फुटावे लागतात. पण बगळ्या माझे हात बघायचा आणि मी त्याची मान बघायचो. एका शब्दाचीही गरज पडायची नाही.

मग नवी गाडी आली.

काळी, उंच, चाकं कमरेपर्यंत. बॉनेट इतकं रुंद की त्यावर दोन माणसं आरामात झोपली असती, आणि सपाट नव्हे, फुगलेलं. तिच्याबरोबर कंपनीची शिकवणारी मॅडम आली होती. चुणचुणीत मुलगी, हातात काठी नाही की कागद नाही, सगळं तोंडपाठ. सहा एअरबॅगा, पुढे कॅमेरा, मागे कॅमेरा, बंपरमध्ये सेन्सर, समोर काही आलं तर आपोआप ब्रेक, उतारावर आपोआप वेग धरणं. ती एकेक सोय सांगत होती आणि बगळ्या गाडीत सिगारेटची राख झाडायची जागा शोधत होता.

साहेबांनी, म्हणजे आमच्या कचेरीच्या मुख्यांनी, तिथेच जाहीर केलं. महिन्याने डोंगरावर परीक्षा. जो पास होईल तो ही गाडी चालवेल. नापास झाला तर दुसरा ड्रायव्हर येईल आणि बगळ्या जाईल स्टोअरमध्ये.

स्टोअर म्हणजे पत्र्याची एक खोली. आत नटबोल्टच्या पेट्या आणि एक पंखा. काम बसून. दुसरा कोणी असता तर हुरळून गेला असता. पण स्टोअरचा मुख्य होता बगळ्याचा मेहुणा, वहिनीचा धाकटा भाऊ. लग्नात बगळ्याने ज्याला कडेवर घेऊन फिरवलं होतं, तोच. आता पोट सुटलं होतं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला होता आणि त्या जुडग्याचा आवाज त्याच्या आधी पोचायचा.

"भावोजी," तो म्हणाला, "काळजी करू नका. तुमच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली आहे. फक्त एक, ड्युटीवर मला साहेब म्हणावं लागेल. घरी तुम्ही काहीही म्हणा."

बगळ्याचे दोन्ही गाल एका रंगाचे झाले. ते मी पहिल्यांदाच बघितलं.

कचेरीच्या आवारात सराव सुरू झाला. पहारेकऱ्याचं स्टूल मागून घेतलं, त्यावर चढून बगळ्या आत बसला. समोर बॉनेट आणि त्याच्यावर आभाळ. जमीन कुठेच नाही. सवयीने त्याने मान झटक्यात बाहेर काढली. मान गेली, पण पट्टा अडकला आणि त्याने बगळ्याला होता तसा परत सीटवर आणून आपटलं. पुन्हा मान, पुन्हा पट्टा. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, आत कोणीतरी त्याला कॉलर धरून बसवतंय.

"ही गाडी नाही," तो म्हणाला, "ही थोरली जाऊ आहे. बसू देत नाही, उठू देत नाही, आणि सारखी बोलते."

बोलायची खरंच. दार नीट लागलं नाही, टिंग. पट्टा नाही, टिंग टिंग. समोर गवताची काडी आली तर थेट किंचाळायची. गवतातून गाडी नेणं हेच आमचं काम. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची डोकी उठली.

आता आमच्या टोळीत एक पद्धत होती. कुठलीही गोष्ट बिघडली की काळी चिकटपट्टी. वायर उघडी पडली, चिकटपट्टी. हातोड्याचा दांडा तडकला, चिकटपट्टी. माझ्या बुटाच्या तळाला वर्षभर तीच होती. बगळ्याने बंपरच्या प्रत्येक सेन्सरवर एक गोल तुकडा लावला. गाडी आणखीनच ओरडायला लागली. मग त्याने वर दुसरा थर दिला. गाडी गप्प झाली. फक्त समोरच्या स्क्रीनवर एक पिवळा दिवा लागला.

त्याचा बंदोबस्त वहिनीने केला. तिच्या घरी उघडी वस्तू राहत नाही. रेडिओला झाकण, मिक्सरला झाकण, शिलाई मशीनला झाकण, आणि प्रत्येक झाकणाला झालर. ती डबा घेऊन आली, आत डोकावली आणि म्हणाली, "अहो, एवढा महागाचा टीव्ही आणि उघडा? धूळ बसेल की." दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर निळं फुलाफुलांचं झाकण आलं. मापात. चारही बाजूंनी झालर. मी वहिनीची शिलाई बघितली आहे. टाका सरळ, दोरा दुहेरी. कामात खोट काढायला जागा नव्हती.

म्हणजे कंपनीने माणूस वाचवायला जेवढे डोळे दिले होते, ते सगळे आम्ही मन लावून बांधून टाकले.

पुढचा आठवडा शांततेत गेला. मग मॅडम सराव बघायला आली. वहिनीही तेव्हा डबा घेऊन आली होती. बगळ्या रुबाबात स्टुलावरून चढला, गाडी थोडी मागे घेतली, वळवली आणि दिमाखात पुढे आणली. चाकाखाली कडाड असा आवाज झाला.

पहारेकरी धावत आला. त्याच्या स्टुलाचे तीन पाय एकीकडे होते आणि चौथा दिसत नव्हता.

"आता मी बसायचं कुठे?" पहारेकरी म्हणाला. "बॉनेटवर?"

"बस की," बगळ्या म्हणाला, "तिथे तरी मला दिसशील."

मॅडम हसली नाही. ती खाली वाकली, बंपरवरून हात फिरवला आणि एक काळा गोल नखाने उचकटला. मग दुसरा. मग आत गेली आणि झालरीचं झाकण दोन बोटांत धरून बाहेर आली.

"काका, हे काय आहे?"

"झाकण," बगळ्या म्हणाला. "बायकोने शिवलंय."

"छान शिवलंय," ती म्हणाली. खरंच म्हणाली. मग म्हणाली, "आता तुम्ही आत बसा. काकू, तुम्ही जरा इकडे या."

तिने वहिनीला बॉनेटला पाठ लावून उभं केलं. वहिनी घरात सर्वांत उंच. बगळ्याला माळ्यावरचं काही हवं असलं की तिलाच हाक मारावी लागते.

"दिसते का हो मी?" वहिनी ओरडली.

"केस दिसतात!"

"खाली बसा," मॅडम म्हणाली. वहिनी उकिडवी बसली. "आता?"

"आता शांतता आहे!"

"घरी या, मग दाखवते शांतता. आता दिसते?" वहिनी बसल्या बसल्याच बेडकासारखी पुढे सरकत होती. डबा तिने डोक्यावर धरला होता.

"नाही!"

"आता?"

"नाही गं!"

"एवढं अंतर तर तुम्ही मुलगी बघायला आलात तेव्हाही ठेवलं नव्हतंत!" शेवटी पार फाटकाजवळ डब्याचं झाकण वर आलं आणि बगळ्याने हात हलवला. मॅडमने तिथे चुन्याची रेघ मारली. मग डाव्या बाजूला, मग उजव्या. कोपऱ्यावर काचेशेजारचा खांब इतका जाड की त्याच्यामागे पहारेकरी उभा राहिला, स्टुलाच्या तुकड्यांसकट, आणि पूर्ण गायब झाला. टोळीतले सगळे हौसेने पुढे जाऊन बसले. कोणी मांडी घातली, कोणी आडवा झाला. चुन्याच्या रेघेच्या आत अख्खी टोळी मावली आणि बगळ्याला त्यातलं एक टाळकं दिसत नव्हतं. सगळे खिदळत होते.

मग मॅडमने मला विचारलं, "तुम्ही पुढे कुठे चालता?"

मी माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. ती जागा मला डोळे मिटून सापडते. हात नेहमीसारखे कमरेपुढे धरले, जसे मी धरतो. इकडे घे. थांब. वरून काहीच हाक आली नाही.

"काय दाखवतोय मी?" मी विचारलं.

बगळ्या म्हणाला, "तुझी टोपी दिसते रे. नुसती टोपी." आणि मग, "हात दिसत नाहीत."

तो खाली उतरला. बंपरपुढे बसला आणि चिकटपट्ट्या काढायला लागला. पट्टी निघते, पण खालचा चिकटा निघत नाही. उन्हात तो शिजलेला असतो. नखाने निघत नाही, पाण्याने तर पसरतो. मी पेट्रोलचं फडकं दिलं. त्याने प्रत्येक सेन्सर गोल गोल पुसला, जोर न लावता, काच पुसावी तसा. अंधार पडेपर्यंत. मी कामाचं कौतुक सहसा करत नाही. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून दुसऱ्या टोकाने सुरुवात केली.

मॅडमने जाताना आणखी एक गोष्ट केली. बगळ्याला आत बसवून सीटच्या बगलेचा दांडा वर ओढला. सीट उचलली गेली, वर आली, आणि बगळ्याला बॉनेटचं पलीकडचं टोक दिसलं.

"हा दांडा पहिल्या दिवशीच दाखवला होता, काका."

"असेल," बगळ्या म्हणाला. "मी कामात होतो."

त्याने चुन्याची रेघ थोडी आत आली, तरी गाडीपुढची बरीच जमीन दिसायची राहिलीच. बाकीचं कॅमेऱ्यात बघायचं होतं. पण कॅमेऱ्यात बघायचं तर मान आत हवी, आणि मान ऐकत नव्हती. मग घरी सराव. बगळ्या खुर्चीवर बसायचा, हातात ताट धरून वळणं घ्यायचा, आणि मान बाजूला गेली की वहिनी मागून डोक्यात आमटीचा डाव हाणायची. मी एकदा सहज गेलो तेव्हा जेवायच्या खोलीत हे चालू होतं. वहिनी म्हणाली, "बसा भावोजी, यांचं वळण होऊ द्या." टकुरं सुजलं, पण मान आत आली.

परीक्षेच्या दिवशी साहेब थर्मास घेऊन आले. चढाच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले. अटी सांगितल्या. पुढचा माणूस चालणार नाही. वाटेवर मांडलेल्या पिंपांना धक्का लागता कामा नये. मध्ये गाडी सोडून खाली उतरायचं नाही. थर्मासमधला चहा संपायच्या आत परत यायचं.

मेहुणा सकाळपासून मिरवत होता. "खुर्चीवर उशी पण घातली आहे, भावोजी," असं सांगून कुठेतरी गेला. चांगली जागा शोधायला, असं म्हणाला. मला वाटलं सावलीत बसला असेल.

मॅडम बगळ्याशेजारी बसली. मी चढाच्या अर्ध्यावर, कडेला. हात खिशात घातले होते. नाहीतर ते आपोआप उठले असते.

पिंपांमधून तो गाडी सुतासारखी घेऊन गेला. मान आत. मध्ये एक डबकं होतं. जुन्या गाडीत तो ते टाळायचा. पण आखलेली वाट तिथूनच होती. चाकं आत गेली, चिखल उसळला आणि गाडीचं तोंड पुरं माखलं. मग तो चढाला लागला. चढ उभा. शेवटी माथ्यावर आला की पलीकडे लगेच उतार. तिथे गाडीचं नाक वर असतं आणि समोर फक्त आभाळ.

माथ्यावर गाडी थांबली.

खालून साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी धावत वर गेलो, पण कडेकडेने, वाटेच्या बाहेरून. खिडकी उघडी होती. स्क्रीनवर एक तपकिरी चौकोन होता, बाकी काही नाही. कॅमेऱ्यावर चिखल बसला होता. बगळ्याची मान सवयीने झटक्यात बाहेर आली आणि पट्ट्याने तिला परत खेचली.

मग त्याने पट्टा सोडला.

"काका, उतरलात तर नापास," मॅडम हळू आवाजात म्हणाली. तिला ते म्हणायचं नव्हतं. अट होती म्हणून म्हणाली.

"होतो नापास," बगळ्या म्हणाला. "मला पुढचं दिसत नाही."

हँडब्रेक ओढून तो उतरला. पुसायला काही मिळतं का म्हणून खिशात हात घातला तर निळं झाकण निघालं, झालरीचं. वहिनीने सकाळी कोंबलं असणार, कुठे ना कुठे उपयोगी पडेल म्हणून. त्याने त्याच झाकणाने कॅमेरा पुसायला घेतला. पुसता पुसता सहज माथ्याच्या पलीकडे बघितलं आणि हात तसाच राहिला.

पलीकडे, आखलेल्या वाटेच्या बरोबर मधोमध, उताराच्या सुरुवातीलाच मेहुणा बसला होता. सामानाची पेटी खाली, पाय लांब, किल्ल्यांचा जुडगा पोटावर. भावोजींची फजिती सर्वांत जवळून बघता यावी म्हणून तो तिथे येऊन बसला होता, आणि वाट बघता बघता घोरत होता.

मी ओरडायला तोंड उघडलं. बगळ्याने मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. भोंगा वाजवला असता तर मेहुणा उतारावरून गडगडत थेट गावात गेला असता. बगळ्या चवड्यांवर त्याच्याजवळ गेला, वाकला आणि त्याच्या कानाशी अगदी सावकाश म्हणाला, "मेहुणे, स्टोअर उघडं राहिलंय."

मेहुणा उभा राहिला तो किल्ल्या चाचपतच. मग त्याने डोळे उघडले. आधी बगळ्या दिसला. मग बगळ्याच्या डोक्यावर, आभाळात नाक खुपसून उभी असलेली काळी गाडी दिसली. तो खाली बसला. या वेळी वाटेच्या बाजूला.

बगळ्या परत चढला, पट्टा लावला आणि उतार सुरू केला. मॅडमने बटण दाबलं आणि सांगितलं, "आता पाय दोन्ही पेडलांवरून काढा. गाडी स्वतः वेग धरेल." मी आयुष्यभर जड कामं केली आहेत, मला कष्ट ओळखता येतात. त्या चढात त्याला घाम आला नव्हता. पण उतारावर, दोन्ही पाय हवेत धरून, काही न करता बसताना तो नखशिखांत भिजला. काही न करण्याइतकं कठीण काम मी दुसरं बघितलं नाही.

खाली साहेब थर्मास उलटा करून बसले होते. शेवटचा थेंबही निघत नव्हता.

"वेळ गेली," ते म्हणाले. "शिवाय उतरलास. अट मोडलीस."

"मोडली," बगळ्या म्हणाला. वाद घातला नाही. मेहुण्याचं नावही काढलं नाही. नुसता झाकण पिळत उभा राहिला.

कॅमेरा चिखलाने बंद झाला होता, हे मॅडमने सांगितलं. साहेबांनी तिला विचारलं, समोर काही असतं तर गाडी आपोआप थांबली असती ना? ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "कदाचित थांबली असती. पण चिखल सगळीकडेच होता. सांगता येत नाही."

"त्या 'कदाचित'मध्ये काही ठेवायला मला परवडत नाही," बगळ्या म्हणाला. "घरी विचारणारं माणूस आहे."

साहेबांना यातलं काही कळलं नाही. तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. मेहुणा येत होता, पांढराफटक, पाठीला गवत चिकटलेलं.

"साहेब," तो म्हणाला, "यांना पास करा."

"का?"

"स्टोअरमध्ये जागा नाही."

"काल तर म्हणालास, खुर्ची पुसून ठेवली आहे!"

"मोडली," मेहुणा म्हणाला. मग बगळ्याकडे एकदा बघितलं, खाली बघितलं, आणि त्याला सगळं सांगावंच लागलं. पेटी कुठे ठेवली होती, का ठेवली होती, झोप कशी लागली. साहेब ऐकत गेले आणि मध्येच उठून माथ्यापर्यंत स्वतः चढून गेले. धापा टाकत परत आले. आल्यावर एवढंच म्हणाले, "हा पास. आणि उद्यापासून ती न उतरायची अट काढा."

बगळ्याने ती गाडी निवृत्त होईपर्यंत चालवली. मी त्याच्या आधी निवृत्त झालो. माझी नोकरी होती तोवर पुढचा माणूस मीच होतो, फक्त आता मी पुष्कळ लांब चालायचो आणि हात कमरेपुढे नाही, डोक्यावर धरायचो. दिवसभर हात वर धरून उलटं चालून बघा. खांद्यांतून आग निघते. मी तक्रार केली नाही.

बगळ्याचे गाल हळूहळू एकसारखे झाले. वहिनी म्हणते, भट्टीवाला गेला, कारकून तेवढा उरला. निळं झाकण कायम त्याच्या खिशात असायचं. डबकं ओलांडलं की गाडी थांबायची, तो उतरायचा, कॅमेरा पुसायचा, झाकण झटकायचा. झालर पार काळी पडली होती. वहिनीने नवीन शिवून दिलं तर मेहुण्याने ते मागून नेलं. स्टोअरमधल्या फोनवर घातलं आहे.

आणि मेहुणा त्याला तेव्हापासून, ड्युटीवर असो की घरी, भावोजीच म्हणत आला आहे. फक्त बसताना आधी मागे वळून बघतो.